कट कोणाच्या चेहऱ्यावर जातो? मालिकांमधला कॅमेरा आणि 'दुसऱ्या' समाजाची माणसं

रानजाई (धागाकर्ती)

मालिकांमध्ये वेगवेगळ्या वंशांची, समाजांची माणसं कशी दाखवतात हा विषय निघाला की आपण दोनच गोष्टी बोलतो. ती पात्रं किती आहेत आणि त्यांच्या तोंडी काय वाक्यं दिली आहेत. मी गोरेगावात मालिकांच्या एडिटिंगचं काम करते आणि मला वाटतं, खरा निर्णय या दोन्हींच्या आधीच होऊन गेलेला असतो. प्रसंगात पाच माणसं आहेत. कोणीतरी मनाला लागेल असं बोललं. आता कट कोणाच्या चेहऱ्यावर जातो? तिथे किती थांबतो? कोण स्पष्ट आहे आणि कोण मागे धूसर? कोण सोफ्यावर बसलंय आणि कोण दारापाशी उभं आहे?

'द वायर' घ्या. एचबीओ, २००२ ते २००८, बाल्टिमोर शहर. पहिल्या सीझनमध्ये पोलिसांचं पथक एव्हन बार्क्सडेल या ड्रग्जच्या धंद्यातल्या बड्या माणसाच्या मागावर आहे आणि त्यांच्याकडे त्याचा साधा फोटोही नाही. शेवटी लेस्टर फ्रीमन हा मुरलेला पोलीस एव्हनच्या बॉक्सिंगच्या दिवसांतलं जुनं पोस्टर शोधून आणतो, तेव्हा कुठे बोर्डावर चेहरा लागतो. प्रेक्षक म्हणून आपण मात्र एव्हनला केव्हाच पाहिलेलं असतं, त्याच्या माणसांत बसून बोलताना. एकाच वस्तीतली काळी माणसं या मालिकेत दोन तऱ्हांनी दिसतात. एकदा पोलिसांच्या लांब लेन्समधून, पाळतीच्या फोटोत, बोर्डाला टाचलेली. आणि एकदा त्यांच्यासोबत, वस्तीच्या चौकात टाकलेल्या त्या नारिंगी सोफ्यावर.

तिसऱ्या भागात एव्हनचा भाचा डीअँजेलो धंद्यातल्या दोन पोरांना बुद्धिबळ शिकवतो. राजा कोण, वजीर कोण, प्यादी का मरतात, हे सगळं त्यांच्या धंद्याच्या भाषेत. त्यातला बोडी लगेच विचारतो, प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं तर? तिथे कॅमेरा पाळतीवर नाही, त्यांच्यातला एक होऊन पटापाशी आहे. बोलणाऱ्यावरून ऐकणाऱ्यावर जातो आणि ऐकणारा विचार करत असताना तिथून हलत नाही. ही पोरं कोण आहेत हे मला कुठल्याही संवादापेक्षा त्या थांबण्यातून जास्त कळलं.

उलट टोकाला 'ब्रेकिंग बॅड'. ती मालिका माझी आवडती आहे, म्हणूनच हे खटकतं. सीमेपलीकडे मेक्सिकोत गेलो की अख्खी चौकट पिवळी होते. २०१० च्या तिसऱ्या सीझनची सुरुवात आठवा. धुळीच्या रस्त्यावरून माणसं रांगत सांता मुएर्तेच्या देवळीकडे चाललीत, आणि हवा अशी की श्वास घेतला तर घशात माती जाईल. हे 'मेक्सिको' चित्रित झालं अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, म्हणजे नायक वॉल्टर व्हाईटचं घर जिथे चित्रित झालं तिथेच. ऊन तेच, माती तीच. फरक फक्त रंगाच्या छटेने केला गेला. तिथली माणसं तोंड उघडायच्या आधीच प्रेक्षकाच्या मनात त्यांच्या देशाचं हवामान ठरून गेलं.

तुम्हाला अशा काही जागा दिसल्या असतील तर लिहा. संवाद बाजूला ठेवा. कॅमेरा, कट, प्रकाश, कोण कुठे उभं होतं, यावर बोलू.

साधाप्रेक्षक

धागा वाचला. एक शंका. तुम्ही नावं घेतलीत त्या मालिकांचा एकेक भाग दिवसचे दिवस खपून बनतो. आपल्याकडे रोज एक भाग टेलिकास्टला जातो, बावीस मिनिटांचा. माझा मेहुणा प्रॉडक्शनमध्ये होता. पानं सकाळी येतात, कलाकार मेकअपला बसतात तेव्हा संवाद हातात पडतात. तिथे कोण विचार करत बसणार की अमुक समाजाच्या पात्राला क्लोज, म्हणजे चेहऱ्याचा जवळचा शॉट, द्यायचा की नाही? जो तो प्रसंग संपवायच्या मागे असतो. हेतू नाही तिथे हेतू शोधल्यासारखं होतं हे.

रानजाई

साधाप्रेक्षक, तुमच्या मेहुण्याचं वर्णन अगदी बरोबर आहे. रोज तेच बघते. पण माझा मुद्दा हेतूचा नाहीच. विचार करायला वेळ नसतो तेव्हा सवय निर्णय घेते, आणि कोण मुख्य, कोण बाजूचं हा क्रम त्या सवयीत आधीच बसलेला असतो.

एक प्रसंग सांगते, मालिकेचं नाव घेत नाही. वाड्यातलं कुटुंब, शेजारी एक मुसलमान कुटुंब, त्यातले चाचा ईदच्या दिवशी शिरखुर्म्याचा डबा घेऊन येतात. घरातला मोठा मुलगा रागाच्या भरात त्यांना काहीतरी तोडून बोलतो. लेखिकेने छान लिहिलं होतं. चाचांना एकही वाक्य नव्हतं, कंसात एवढंच होतं की 'चाचा गप्प, डबा हातातच'. मी रशेस, म्हणजे कच्चं चित्रीकरण, उघडले. मास्टर आहे, म्हणजे सगळ्यांचा एकत्र शॉट. मुलाचा क्लोज आहे, दोन टेक. आईचा क्लोज आहे. सुनेचा आहे. काका, आत्या, सगळ्यांच्या रिअ‍ॅक्शन आहेत. चाचा फक्त मास्टरमध्ये, उंबऱ्याशी, आणि मुलाच्या खांद्यावरून घेतलेल्या शॉटमध्ये त्यांचा अर्धा खांदा. त्यांचा क्लोज घेतलेलाच नव्हता. अपमान ज्याचा झाला त्याचा चेहरा माझ्याकडे नव्हता, त्यामुळे प्रसंग बनला तो 'आईला किती वाईट वाटलं' असा. शेवटी मास्टरमधून त्यांचा चेहरा मोठा करून दोन सेकंद घातला. चित्र फाटलं, ते ठेवू नका म्हणून निरोप आला. डब्याचाही इन्सर्ट, म्हणजे वेगळा जवळचा शॉट, नव्हता.

कोणीही ठरवून केलं नव्हतं हे. दिग्दर्शक भला माणूस आहे. पण काम घाईचं असलं की आधी घरच्यांचे क्लोज होतात, आणि घरचे कोण हे सगळ्यांना न सांगता माहीत असतं.

फोकसपुलर

मी कॅमेरा असिस्टंट आहे, त्यामुळे कटबद्दल रानजाईताईंना जास्त कळणार. मी प्रकाशाचं लिहितो.

कॅमेरा सगळ्यांना सारखाच बघतो असं लोकांना वाटतं. त्वचेच्या बाबतीत तसं कधीच नव्हतं. कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून लॅबना रंग जुळवायला एक नमुना फोटो पाठवायची, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर गोरी बाई. तिची त्वचा बरोबर आली की प्रिंट बरोबर. काळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात नव्हतेच, म्हणून एकाच फोटोत गोरं आणि काळं मूल असेल तर काळ्या मुलाचे फक्त डोळे आणि दात दिसायचे. फिल्म सुधारली त्यामागे फर्निचरवाले आणि चॉकलेटवाले यांच्या तक्रारींचाही हात होता, कारण त्यांच्या जाहिरातींत लाकडाच्या आणि चॉकलेटच्या गडद छटा वेगळ्या दिसत नव्हत्या. टीव्हीच्या स्टुडिओतही बराच काळ गोऱ्या चेहऱ्यावरच कॅमेरे जुळवले जायचे.

आता गंमत बघा, आणि ही मी रोज मॉनिटरवर बघतो. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंग मोजणाऱ्या आलेखावर, त्वचेसाठी एक तिरकी रेघ असते. गोरा, गव्हाळ, सावळा, काळा, कोणीही उभा करा, त्वचेचा रंग त्या एकाच रेघेच्या आसपास पडतो. फरक असतो तो त्वचा उजेड किती परत टाकते याचा. म्हणजे अडचण रंगाची नाही, प्रकाश कसा लावला याची आहे.

'इनसिक्युअर' (एचबीओ, २०१६ ते २०२१) बघा. लॉस एंजेलिसमधल्या काळ्या मैत्रिणींची गोष्ट. त्यात रात्रीच्या क्लबमध्ये, गाडीत, निळ्या-जांभळ्या उजेडातही चेहऱ्याचा प्रत्येक उतार दिसतो. सिनेमॅटोग्राफर एव्हा बर्कोफ्स्की यांनी २०१७ मध्ये मुलाखतीत पद्धत सांगितली होती. नुसता उजेड वाढवायचा नाही. मेकअपमध्ये त्वचेला थोडी चमक ठेवायची आणि पांढऱ्या पृष्ठभागावरून उजेड परतवून त्या चमकेत पकडायचा. आपल्याकडे लाईटदादा थर्माकोल धरतात तेच तत्त्व. खर्च काही नाही, पण आधी हा चेहरा नीट दिसला पाहिजे असं वाटावं लागतं.

आपल्या सेटवर उलटं चालतं. कलाकार सावळी असेल तर मेकअपचा बेस एक शेड उजळ. आणि पात्र सावळं हवं असेल तर गोऱ्या कलाकाराला गडद रंग लावायचा. 'रंग माझा वेगळा' ही स्टार प्रवाहवरची मालिका (२०१९ ते २०२३) रंगावरून होणाऱ्या अन्यायाचीच होती, लोकांनी मनापासून पाहिली, पण नायिकेला मेकअपने सावळं केलं होतं. विषयाबद्दल आदर आहे. पण कॅमेऱ्याच्या बाजूने सांगतो, रंगवलेली त्वचा दिव्याखाली मातकट आणि सपाट दिसते. खऱ्या सावळ्या त्वचेला आतून जी झळाळी असते ती लेपात मरते. म्हणजे ज्या रंगाची बाजू घ्यायची तो रंग पडद्यावर आलाच नाही.

दूरदेशी

इंग्लंडमधल्या लेस्टरहून लिहितेय. इथे माझ्या मुली आणि त्यांच्या मैत्रिणींना शाळेत मीडिया स्टडीजमध्ये हेच शिकवतात. मालिकेतला पाच मिनिटांचा तुकडा दाखवतात आणि कॅमेरा, एडिटिंग, आवाज, मांडणी यांतून वंश किंवा वर्ग कसा उभा केलाय ते लिहायचं. त्यामुळे घरात जेवताना या चर्चा होतात.

'ब्रिजर्टन'चा दुसरा सीझन (मार्च २०२२) आमच्याकडे सणासारखा पाहिला गेला. मुंबईहून आलेल्या शर्मा बहिणी, आणि पहिल्याच भागात केट धाकट्या बहिणीचे गुण सांगताना मराठी आणि हिंदुस्तानी येते असं म्हणते. १८१४ च्या लंडनच्या दरबारी गोष्टीत मराठीचं नाव ऐकून मी रिमोटने मागे जाऊन परत ऐकलं. पण नाव आलं, भाषा आली नाही. वडिलांना 'अप्पा', बहिणीला बंगाली 'बोन', सोबत 'दीदी', आडनाव शर्मा. संवादात हे कुटुंब कुठलंच नाही.

पण रानजाई म्हणतात तसं संवाद बाजूला ठेवून पाहिलं तर वेगळं दिसतं. केट धाकट्या एडविनाच्या केसांना तेल लावते तो प्रसंग. कोणी समजावत नाही की ही भारतीय पद्धत आहे. एक बहीण मागे बसलीय, हात केसांत आहेत, बोलणं चाललंय लग्नाचं. कॅमेरा हातांवर जातो आणि चेहऱ्यावर परत येतो. नंतर हळदीचा प्रसंगही तसाच. हळद म्हणजे काय हे सांगायला कोणी गोरा पाहुणा तिथे आणून बसवलेला नाही. तिघी बायका आपापसांत आहेत. आणि सिमोन ॲशली या सावळ्या नायिकेला प्रेमकथेतले सगळे क्लोज मिळाले, उन्हातले, मेणबत्तीच्या उजेडातले. माझी थोरली म्हणाली की असा चेहरा इतका वेळ, इतक्या जवळून, कोणीतरी प्रेमात पडतंय म्हणून बघितला जातोय, हे तिने इथल्या टीव्हीवर आधी पाहिलं नव्हतं. ती इथेच वाढलीय. मी त्यावर काय बोलणार.

राग एकाच गोष्टीचा आहे. १८१४ साली मुंबईत कंपनी सरकार होतं, आणि पुण्याची पेशवाई बुडायला चारच वर्षं उरली होती. त्या काळात मुंबईची बाई लंडनच्या नाचघरात उभी राहते आणि चौकटीत त्याचा मागमूस नाही. चेहरा जवळ आणला, पण त्याच्यामागचं सगळं धूसर करून.

उमियाम

माझं बालपण शिलाँगमध्ये गेलं, वडील नोकरीला होते तिथे. घरी मराठी, बाहेर खासी आणि इंग्रजी. आता नागपुरात आहे. त्यामुळे ईशान्येकडची माणसं पडद्यावर आली की मी आधी त्यांना कुठे उभं केलंय ते बघते. वर्षानुवर्षं ती ब्यूटी पार्लरमध्ये, मोमोच्या गाडीवर नाहीतर गेटवर शिट्टी घेऊन उभी होती. नाव नाही, घर नाही, मागून कोणी हाक मारत नाही.

म्हणून 'पाताल लोक'चा दुसरा सीझन (जानेवारी २०२५) मला महत्त्वाचा वाटला. दिग्दर्शक अविनाश अरुण, आपल्या 'किल्ला'वाले, मुळात कॅमेऱ्याचे माणूस. दिल्लीतल्या नागालँड सदनात एका बड्या नागा नेत्याचा खून होतो आणि हाथीराम चौधरी तपासाला दिमापूरला जातो. दिल्लीचा पोलीस ईशान्येत येतो हा साचा जुनाच. पण तिथली माणसं आपापसांत असतात तेव्हा नागामीजमध्ये बोलतात आणि खाली सबटायटल येतात. नागामीज ही असमियातून घडलेली, वेगवेगळ्या नागा जमातींना जोडणारी बोली. मालिकेने ती ऐकवली, हिंदीत तोडकंमोडकं बोलायला लावलं नाही. परका वाटतो तो हाथीराम. खोलीत सगळे बोलताहेत आणि त्याला कळत नाहीये, असा उलटा झालेला कोन मी हिंदीत क्वचितच पाहिलाय. शिवाय मेरेन्ला इमसोंग, एल. सी. सेखोसे, दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, असे त्या भागातले चेहरे मोठ्या भूमिकांत आहेत. मुंबईतल्या कोणाचे डोळे मेकअपने बारीक केलेले नाहीत.

तक्रार एक आहे. प्रत्येक वेळी ड्रोन. धुकं, हिरवे डोंगर, वळणाचा रस्ता, वरून गाडी. शिलाँगमध्ये वाढलेल्या कोणालाही विचारा, आम्ही आमचं गाव वरून पाहिलेलंच नाही. आम्हाला आठवतो तो ओल्या छत्र्यांनी भरलेला दुकानाचा कोपरा आणि पत्र्यावरचा पाऊस, ज्यात बोलणं ऐकू येत नाही. वरून दिसतं ते पर्यटकाला किंवा लष्कराला.

साधाप्रेक्षक

ड्रोनचा मुद्दा पटला. कोकण दाखवतानाही हेच करतात.

पण रानजाई, माझा दुसरा प्रश्न. मराठी माणूस हिंदी मालिकेत बराच काळ मोलकरीण नाहीतर हवालदार होता. मग 'पवित्र रिश्ता' आली २००९ ला, देशमुख आणि करंजकर घरं मध्यभागी, उषा नाडकर्णी, सविता प्रभुणे यांच्यासारख्या नट्या. नथ, हिरव्या बांगड्या, चाळ, गणपती, सगळं होतं. आमच्या आईला केवढा अभिमान. मग ते चांगलं चित्रण म्हणायचं की नमुना?

रानजाई

चांगला प्रश्न आहे, आणि मला वाटतं दोन्ही.

ती मूळ गोष्ट तमिळ, 'तिरुमती सेल्वम'. कथा तशीच ठेवून घर मराठी केलं. म्हणजे मराठीपण आलं ते कपडे, दागिने, सण आणि सेटमधून. नथ काढली तर घर कुठलंही झालं असतं. पण त्या मालिकेच्या एडिटिंगचा भाग बघा. तेव्हाच्या हिंदी मालिकांत मोठा धक्का बसला की कॅमेरा घरातल्या एकेका माणसावर झपकन जायचा, कधी एकच चेहरा तीनदा. लोकांना ते भडक वाटतं, पण त्यात एक हिशेब आहे. ज्याला रिअ‍ॅक्शन मिळते तो घरातला. इतर मालिकांत त्याच वेळी मागे पाण्याचा ट्रे घेऊन उभी असलेली मराठी बाई त्या फेरीत नसायची. धक्का तिलाही बसला असणार, पण तिच्यावर कट जायचा नाही. 'पवित्र रिश्ता'त त्याच बाईच्या वस्तीतली, तिच्यासारखं बोलणारी माणसं त्या फेरीत आली. तुमच्या आईंचा अभिमान नथीमुळे नसावा, सविताबाईंचा चेहरा पडदाभर येत होता यामुळे असावा.

निळीवाट

इथे जातीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. वंश आणि जात एक नाहीत हे मान्य, पण कॅमेऱ्याची हत्यारं तीच.

दलित पात्र आलं की आपल्याकडे चौकट कशी लागते? वरून. पायाशी बसलेला माणूस, वाकलेली पाठ, ओंजळीत उंचावरून पडणारं पाणी. हेतू चांगला असतो, अत्याचार दाखवायचा असतो. पण पिढ्यानपिढ्या तेच बघून आमची पोरं स्वतःला त्याच कोनातून बघायला लागतात.

म्हणून 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या सीझनचा (ऑगस्ट २०२३) नीरज घेवान यांनी केलेला भाग माझ्या लक्षात राहिला. पल्लवी मेनके, मराठी आडनावाची दलित लेखिका, भूमिका राधिका आपटे यांची. तिला लग्न बौद्ध पद्धतीने हवं आहे, सासरच्यांची चुळबूळ सुरू होते. आणि शेवटी पांढऱ्या साडीतली नवरी, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो. त्या भागावर श्रेयाचा वाद झाला, तो इथे उगाळत नाही. मला बोलायचंय ते फोटोबद्दल. आमच्या प्रत्येक घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. सिनेमा-मालिकेत तो असलाच तर पोलीस चौकीत किंवा कोर्टात, साहेबाच्या डोक्यामागे, फोकसबाहेर. इथे तो लग्नाच्या मांडवात आहे, स्पष्ट दिसतोय, आणि समोर माणसं आनंदात आहेत. आनंदात, हे महत्त्वाचं. आमच्या आयाबहिणी तो तुकडा मोबाईलवर एकमेकींना पाठवत होत्या. त्यातल्या कितीतरी जणींनी ती मालिका पाहिलेली नाही.

फोकसपुलर

मांडणीवरून आठवलं. 'होमलँड' या अमेरिकी हेरगिरीच्या मालिकेतल्या भिंतीचा किस्सा सगळ्यांना माहीत नसेल.

२०१५, पाचवा सीझन. बर्लिनमध्ये सीरियन निर्वासितांच्या छावणीचा सेट लावला होता. भिंतींवर अरबी मजकूर खरा वाटावा म्हणून हेबा अमीन, कॅरम कॅप आणि डॉन कार्ल या तीन कलाकारांना बोलावलं. त्यांना मालिका अरब आणि मुसलमानांना ज्या तऱ्हेने दाखवते त्यावरच आक्षेप होता. त्यांनी भिंतीवर अरबीत लिहिलं, 'होमलँड वंशद्वेष्टी आहे'. आणखीही बरंच लिहिलं. सेटवर एवढा ताफा, कोणालाही ते वाचता आलं नाही, आणि नायिका त्याच भिंतीजवळून चालत गेली तो शॉट ऑक्टोबरमध्ये जगभर दिसला.

मी आर्ट डिपार्टमेंटच्या माणसांसोबत रोज काम करतो म्हणून मला हे जास्त लागतं. त्या लिपीत माणसं पत्रं लिहितात, दुकानांच्या पाट्या लिहितात. सेटवाल्यांना ती फक्त भीतीचा पोत म्हणून हवी होती. त्याच्या आदल्या वर्षीची जाहिरात आठवा, काळ्या बुरख्यांच्या गर्दीत लाल टोपडं घातलेली एकटी गोरी नायिका. गर्दीतल्या एकीचाही चेहरा नाही. तिथे कट जायला जागाच ठेवलेली नाही.

दूरदेशी

यावरून माझा एक अडलेला प्रश्न विचारते. बीबीसीची 'बॉडीगार्ड', २०१८. सुरुवातीची वीसेक मिनिटं ट्रेनमधली. टॉयलेटमध्ये नादिया नावाची मुसलमान बाई, अंगावर स्फोटकं, भेदरलेली. मालिकेचा नायक डेव्हिड बड तिच्याशी बोलत बोलत तिला वाचवतो, पोलीस गोळी घालायला निघाले तर स्वतः मिठी मारून तिला झाकतो. सगळं जवळून. अंजली मोहिंद्राचा घामेजलेला, थरथरणारा चेहरा, डोळे. रानजाईंच्या हिशेबाने तिला क्लोजही मिळाले आणि वेळही. आणि शेवटच्या भागात कळतं की बॉम्ब तिनेच बनवले होते, आणि ती अभिमानाने सांगते की तुम्ही मला बिचारी समजलात.

इथे आमच्या ओळखीतल्या मुसलमान कुटुंबांना ते फार लागलं. आधी हिजाबातली बिचारी, मग हिजाबातली दहशतवादी, तिसरं काही नाहीच. मग नुसता क्लोज मिळून काय झालं?

रानजाई

दूरदेशी, हा प्रश्न माझ्या मूळ मुद्द्याला अपुरा ठरवणारा आहे, आणि मी दोन दिवस तो प्रसंग पुन्हा बघत होते.

नादिया आपल्याला दिसते ती बडच्या बाजूने. दार उघडतं तेव्हा ती दिसते, तो बोलतो तेव्हा ती उत्तर देते, त्याला दया येते तेव्हा आपल्याला येते. तिचा प्रत्येक क्लोज हा त्याच्या नजरेचं उत्तर आहे. तो नसताना ती काय करते, कोणाकडे बघते, हे आपल्याकडे नाही. म्हणून शेवटी तिला कुठल्याही बाजूला उलटवणं लेखकाला सोपं गेलं. तिच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नव्हतं, फक्त तिचा चेहरा जवळून माहीत होता. तेव्हा क्लोजच्या जोडीने हेही विचारायला हवं: मुख्य पात्र खोलीत नसतानाही कॅमेरा या माणसासोबत असतो का?

'द वायर'मधला वॉलेस, सोळा वर्षांचा पोरगा. सहाव्या भागाच्या सुरुवातीला तो एका ओसाड घरात झोपलेला आहे, बाहेरून वायर ओढून वीज घेतलीय. तो उठतो, बारक्या पोरांना उठवतो, शाळेत जायच्या आधी प्रत्येकाच्या हातात ज्यूसचा खोका आणि चिप्सचं पाकीट ठेवतो. त्या घरात कोणी पोलीस नाही, कोणी गोरा माणूस नाही, कथेला पुढे ढकलणारं फारसं काही नाही. पुढे वॉलेसचं जे होतं ते त्याच्या धंद्यातली माणसंच करतात. पण त्याला कुठल्याही खान्यात टाकता येत नाही, कारण ती सकाळ आपण त्याच्यासोबत होतो. उमियाम यांनी नागामीजमधल्या प्रसंगांबद्दल लिहिलं आणि दूरदेशींनी केसांना तेल लावण्याबद्दल, तेही याच प्रकारचं आहे असं मला वाटतं.

आता सेटवर काम करणाऱ्यांना विचारते. डेली सोपमध्ये असा एखादा शॉट, एकट्या दुय्यम पात्राचा, काही न घडणारा, मिळवायचा तर कुठे प्रयत्न करावा? पानं लिहिताना की फ्लोअरवर? माझ्या टेबलावर येईपर्यंत फार उशीर झालेला असतो.

फोकसपुलर

फ्लोअरवर म्हणाल तर अवघड. शॉट डिव्हिजन दिग्दर्शक बहुतेक वेळा तिथेच, ब्लॉकिंग (कोण कुठे उभं राहतं ते) बघून करतो. आधी मास्टर, मग ज्याची तारीख कमी किंवा ज्याला लवकर सोडायचंय त्याचे क्लोज. मग घरातली मुख्य मंडळी. दुय्यम कलाकाराचा क्लोज यादीत शेवटी, आणि शिफ्ट संपत आली की पहिला तोच गळतो. तुमच्या चाचांचंही असंच झालं असणार.

पण पानावर लिहिलेलं असेल तर धरता येतं. कंसात 'चाचा गप्प' असं असलं की तो मास्टरमध्ये गप्प उभा आहेच, काम झालं असं सगळे समजतात. 'चाचांचा हात डब्याच्या कडीवर घट्ट होतो' असं लिहिलं तर तो मास्टरमध्ये दिसत नाही, इन्सर्ट घ्यावाच लागतो. कंटिन्यूइटी बघणारी असिस्टंट तो टिपून ठेवते आणि पॅकअपच्या आधी आठवण करते. आणि हातासाठी कॅमेरा तिथे नेला, लाईट लागला, की वर टिल्ट करून चेहरा घ्यायला अर्धं मिनिट लागतं. आमचे डीओपी, म्हणजे मुख्य छायाचित्रकार, न सांगता घेतात. लेखिकेशी तुमचं बोलणं असेल तर तिला एवढं सुचवून बघा.